सागरतटचित्रण, ॲक्रिलिक रंगांतील

समुद्र, आकाश व त्यांच्या सीमेवर पसरलेली वाळू यांचे ॲक्रिलिक रंगांत केलेले चित्रण. हा निसर्गचित्रणाचा एक उपप्रकार होय. ॲक्रिलिक रंग पाण्याने पातळ करता येतात. मात्र एकदा वाळल्यावर ते पाण्यात पुन्हा विरघळत नाहीत. त्यांचा पातळ थर काही मिनिटांतच वाळतो. याउलट सागरतट हा सतत ओला, हलता व बदलता विषय आहे. पाणी कोठे संपते आणि वाळू कोठे सुरू होते, हे तेथे क्षणभरही निश्चित नसते. लवकर वाळणारे माध्यम आणि कधीच न वाळणारा विषय यांचा मेळ घालणे, हा या चित्रप्रकारातील मूळ प्रश्न असून त्यातील बहुतेक तंत्रे या प्रश्नाचे उत्तर शोधतानाच घडलेली आहेत. चित्रकाराच्या दृष्टीने हा प्रश्न मुख्यतः कडांचा आहे. ॲक्रिलिक रंगात तीव्र कडा सहज येते, मृदू कडा प्रयत्नानेच साधावी लागते. त्यामुळे किनाऱ्यावरील कोणती कडा खरोखर तीव्र व कोणती मृदू आहे, हे निरीक्षणाने आधी ठरवावे लागते.

पूर्वपरंपरा : सागरतटाला चित्रविषय म्हणून स्वतंत्र प्रतिष्ठा सतराव्या शतकात हॉलंडमध्ये मिळाली. यान व्हान गोयेन (१५९६–१६५६) व याकोब व्हान राइसडाल (सु. १६२९–८२) यांसारख्या चित्रकारांनी सपाट किनारे, खाली ठेवलेले क्षितिज आणि चित्रफलकाचा मोठा भाग व्यापणारे ढगाळ आकाश अशी रचना रूढ केली. इंग्लंडमध्ये जॉन कॉन्स्टेबल (१७७६–१८३७) याने १८२४ पासून ब्रायटनच्या किनाऱ्यावर तैलरंगात लहान आकाराची शीघ्र चित्रे रंगविली. फ्रान्समध्ये यूजेन बूदँ (१८२४–९८) याने त्रूव्हील येथील किनारा व त्यावरील माणसे हा आपला नेहमीचा विषय केला. ग्यूस्ताव्ह कूर्बे (१८१९–७७) याने १८६९ मध्ये एत्रता येथे फुटणाऱ्या लाटांची चित्रे रंगविली. त्यांत रंगसुरीने लावलेल्या जाड थरांतून पाण्याचे वजन व्यक्त झाले आहे. क्लोद मोने (१८४०–१९२६) याच्या ‘त्रूव्हीलचा किनारा’ (१८७०) या लंडनच्या नॅशनल गॅलरीतील चित्राच्या रंगथरात वाळूचे कण अडकलेले आढळले. चित्र प्रत्यक्ष किनाऱ्यावर रंगविले गेल्याचा तो पुरावा असून, ओला तैलरंग व वाऱ्याने उडणारी वाळू यांचे नातेही त्यातून स्पष्ट होते. स्पेनमध्ये होआकीन सोरोया (१८६३–१९२३) याने व्हॅलेन्सियाच्या किनाऱ्यावरील प्रखर सूर्यप्रकाश, ओली वाळू व पाण्यात खेळणारी मुले यांची मोठ्या आकाराची चित्रे केली.

या सर्व परंपरेत तैलरंग व जलरंग ही दोनच माध्यमे प्रमुख होती. तैलरंग दीर्घकाळ ओला राहतो. त्यामुळे आकाशातील छटा एकमेकींत सहज मिसळता येतात, परंतु एका थरावर दुसरा पारदर्शक थर देण्यासाठी अनेक दिवस थांबावे लागते. जलरंगात पारदर्शकता उत्तम साधते, तथापि लाटेचा फेस दाखविण्यासाठी कागदाचा पांढरा भाग आधीच राखून ठेवावा लागतो. नंतर सुचलेल्या फेसाला तेथे जागा नसते. ॲक्रिलिकने या दोन्ही अडचणी दूर केल्या, पण त्यांच्या जागी स्वतःची एक अडचण आणली.

माध्यमाचा उगम व गुणधर्म : जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो रोम (१८७६–१९३९) याने १९०१ मध्ये ॲक्रिलिक अम्लाच्या संयुगांवर प्रबंध लिहिला. पुढे या संयुगांपासून पारदर्शक काचसदृश पदार्थ, आसंजके व लेप तयार होऊ लागले. चित्रकलेत कृत्रिम रेझिनांचा वापर व्हावा यासाठी मेक्सिकन भित्तिचित्रकारांनी केलेले प्रयत्न महत्त्वाचे ठरले. कारण त्यांना उघड्यावर टिकणारा व लवकर वाळणारा रंग हवा होता. १९४० नंतरच्या दशकात अमेरिकेत टर्पेंटाइनने पातळ होणारा ‘मॅग्ना’ हा ॲक्रिलिक रंग निघाला. पाण्याने पातळ होणारा ‘लिक्विटेक्स’ हा रंग हेन्री लेव्हिसन याच्या सिनसिनॅटी येथील उद्योगसंस्थेने १९५५ मध्ये आणला, तर ब्रिटनमध्ये राउनी या संस्थेचा ‘क्रिला’ हा रंग १९६३ मध्ये उपलब्ध झाला. भारतात कॅम्लिन (स्थापना १९३१) व इतर उत्पादकांनी असे रंग पुढे बाजारात आणल्यावर त्यांचा प्रसार व्यावसायिक चित्रकारांबरोबरच विद्यार्थ्यांमध्ये व हौशी चित्रकारांमध्येही झाला.

ॲक्रिलिक रंग म्हणजे बहुवारिकाचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असलेले दुधासारखे पायस व त्यात मिसळलेले रंगद्रव्य होय. पाणी उडून गेले की हे कण एकमेकांना चिकटतात आणि त्यांचा एकसंध, लवचिक पापुद्रा तयार होतो. ही क्रिया उलट दिशेने घडत नाही. ती नीट होण्यासाठी साधारणपणे १०° से.हून अधिक तापमान लागते. त्याखाली कण नीट जुळत नाहीत व थर भेगाळण्याचा संभव असतो. कोकणच्या हवेत ही अडचण येत नाही. तेथे प्रश्न असतो तो उन्हाचा व वाऱ्याचा. एप्रिल-मे महिन्यांत उघड्या किनाऱ्यावर रंग कुंचल्यातच आळू लागतो, तर पावसाळ्यातील दमट हवेत तोच रंग बराच काळ ओला राहतो. ओल्या पायसाचा दुधाळपणा पाणी उडाल्यावर नाहीसा होत असल्याने वाळलेली छटा ओल्या छटेपेक्षा किंचित गडद दिसते. फिकट आकाश व दूरचे पाणी रंगविताना हा फरक विशेष जाणवतो. म्हणून छटा कागदाच्या पट्टीवर लावून व वाळवून मगच ताडून पाहण्याची पद्धत आहे.

किनाऱ्याचे दृश्यस्वरूप : वाळूचा किनारा म्हणजे पुळण ही वरवर तीन आडव्या पट्ट्यांची सोपी रचना वाटते; प्रत्यक्षात प्रत्येक पट्ट्याचे प्रकाशविषयक नियम वेगळे आहेत.

क्षितिजरेषा नेहमी पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या पातळीवर असते. डोळा जमिनीपासून सु. १·५ मी. उंच असल्यास समुद्राचे क्षितिज सु. ४·४ किमी. अंतरावर असते, ५० मी. उंचीच्या टेकडीवरून ते सु. २५ किमी.पर्यंत मागे सरकते. यावरून यथादर्शनाचा एक उपयुक्त नियम मिळतो. चित्रकार सपाट पुळणीवर उभा असेल, तर त्याच्याच उंचीची सर्व उभी माणसे, जवळची असोत वा दूरची, डोळ्यांच्या रेषेत क्षितिजाला छेदतात. फक्त त्यांचे पाय चित्रात कमी-अधिक खाली येतात. हा नियम मोडला की माणसे वाळूत रुतलेली किंवा हवेत तरंगणारी दिसतात. चित्रकार बसलेला असेल, तर क्षितिज उभ्या माणसांच्या छातीच्या आसपास येते.

पाण्याचा रंग हा त्याचा स्वतःचा, तळाचा व आकाशाच्या प्रतिबिंबाचा मिळून बनतो. त्यांचे प्रमाण नजरेच्या कोनावर अवलंबून असते. पाण्यात सरळ खाली पाहिल्यास पृष्ठभागावरून केवळ सु. २ टक्के प्रकाश परावर्तित होतो व तळ दिसतो. नजर जसजशी तिरपी होते तसतसे परावर्तन वाढत जाऊन शेवटी पाणी आरशासारखे वागू लागते. म्हणून पायाजवळचे पाणी वाळूच्या रंगाचे व दूरचे पाणी आकाशाच्या रंगाचे दिसते. मात्र लाटांचे उतार पाहणाऱ्याकडे कललेले असल्याने दूरचा समुद्र क्षितिजालगतच्या फिकट आकाशाचे नव्हे, तर त्याहून वरच्या, अधिक गडद आकाशाचे प्रतिबिंब दाखवितो. स्वच्छ हवेत क्षितिजावर समुद्र आकाशापेक्षा गडद दिसतो तो यामुळेच. धुकट हवेत हा भेद पुसला जातो आणि क्षितिजाची कडा मृदू होते.

किनाऱ्याकडे येणारी लाट पाण्याची खोली तिच्या उंचीच्या सु. १·३ पट उरली की फुटते. फुटण्यापूर्वी तिचा पुढचा उतार उभा राहतो. त्यावर आकाशाचे प्रतिबिंब कमी पडते व माथ्याजवळच्या पातळ पाण्यातून मागील प्रकाश झिरपतो. लाटेच्या माथ्याखाली दिसणारी उजळ हिरवट छटा याचाच परिणाम होय. फेस पांढरा दिसतो, कारण त्यातील असंख्य बुडबुडे सर्व रंगांचा प्रकाश सारखाच विखुरतात. तथापि फेसालाही छायेची बाजू असते व तेथे तो निळसर किंवा जांभळट करडा असतो. शुद्ध पांढरा भाग फार थोडा असतो.

ओली वाळू हा या दृश्यातील सर्वांत अवघड भाग होय. कणांमधील पोकळ्या पाण्याने भरल्या की प्रकाश वाळूत अधिक खोल शिरतो व अधिक शोषला जातो; त्यामुळे वाळूचा मूळ रंग न बदलता तो गडद व गहिरा होतो. परंतु लाट नुकतीच परतली असेल, तर वाळूवर पाण्याचा अखंड पापुद्रा राहतो व त्यात आकाश प्रतिबिंबित होते. अशा रीतीने चित्रातील अत्यंत गडद व अत्यंत उजळ जागा शेजारीशेजारी येतात. पापुद्रा झिरपत गेला की प्रतिबिंबाची कडा काही क्षणांतच विरते. वाळूवर चढत जाणाऱ्या पाण्याची पुढची कड मात्र तीव्र असते व तिच्याखाली बारीक छाया पडते.

महाराष्ट्र व गोवा यांचा किनारा पश्चिमाभिमुख आहे. सकाळी सूर्य चित्रकाराच्या पाठीशी, भूमीच्या बाजूस असतो. तेव्हा लाटांचे पुढचे उतार उजळतात व पाण्याचे रंग स्पष्ट दिसतात. दुपारनंतर सूर्य समुद्रावर येतो. लाटा मागून प्रकाशित होतात, होड्या व माणसे छायाकृती बनतात आणि पाण्यावर सूर्यापासून पाहणाऱ्यापर्यंत चकाकणारा पट्टा उमटतो. कोकणच्या वाळूत बसाल्टचे काळसर कण व शिंपल्यांचा फिकट चुरा यांचे मिश्रण जागोजागी बदलते; रत्नागिरी जिल्ह्यातील काही पुळणींवर इल्मेनाइट या खनिजाच्या काळ्या रेषा दिसतात. खडक काळ्या बसाल्टचे किंवा तांबूस जांभ्याचे असतात. पावसाळ्यात नद्यांच्या गाळामुळे व ढवळलेल्या वाळूमुळे किनाऱ्याजवळचे पाणी मातकट होते. म्हणून एकच निळी छटा वापरून कोकणचा समुद्र रंगविता येत नाही.

साहित्य : ताणून बसविलेले कॅनव्हास, लाकडी भुश्याचा कठीण फलक अथवा जाड कागद यांपैकी कशावरही ॲक्रिलिक रंग लावता येतो, पृष्ठभाग तेलकट मात्र नसावा. त्यावर ॲक्रिलिक जेसोचे पांढरे अस्तर देतात व ते वाळल्यावर गेरूसारख्या उष्ण छटेचा पातळ हात फिरवितात. अशा पार्श्वभूमीवर पांढऱ्या व निळ्या छटांचे मूल्य अचूक जोखता येते, शिवाय रंगलेपनातून मधूनमधून दिसणारी उष्ण छटा वाळूशी जुळते. मोजके रंग पुरतात : टिटॅनियम व्हाइट, अल्ट्रामरीन ब्लू, सेरुलियन ब्लू, थॅलो ग्रीन, यलो ओकर, रॉ सिएना, बर्न्ट सिएना, रॉ अंबर व एखादा तांबडा. थॅलो ग्रीनचे रंगबल फार असल्याने तो अत्यल्प घ्यावा लागतो. तयार काळ्या रंगाऐवजी अल्ट्रामरीन व बर्न्ट सिएना यांच्या मिश्रणातून मिळणारे करडे रंग ढग, खडक व छाया यांसाठी अधिक सजीव ठरतात.

आकाशासाठी रुंद चपटा कुंचला, लाटांसाठी मध्यम चपटा, तर होड्यांच्या डोलकाठ्या व दोर यांसाठी बारीक टोकदार कुंचला वापरतात. रंगधानीत ओला स्पंज व त्यावर तेलकागद ठेवल्यास रंग बराच काळ ओले राहतात. पाण्याचा बारीक फवारा उडविणारी बाटली व वाळणे लांबविणारे द्रव्य यांचाही उपयोग होतो. परंतु हे द्रव्य प्रमाणाबाहेर मिसळल्यास थर चिकट राहतो. कुंचले सतत पाण्यात ठेवावे लागतात, कारण त्यांत वाळलेला रंग सहसा निघत नाही.

रंगलेपनाचा क्रम : प्रथम क्षितिजरेषा आखतात. ती चित्राच्या नेमकी मध्यावर न ठेवता, आकाश महत्त्वाचे असल्यास खाली आणि वाळू व लाटा महत्त्वाच्या असल्यास वर घेतात. ती काटेकोर आडवी असावी लागते. किंचितही कलल्यास समुद्र एका बाजूस सांडत असल्याचा भास होतो. त्यानंतर किनाऱ्याची वळणदार रेषा, खडक व झाडी यांचे ढोबळ रेखाटन करतात. सुरू, नारळ किंवा केवड्याची बने तपशिलाने न रेखाटता केवळ त्यांचे आकारपुंज नोंदवितात.

यापुढील काम तीन भिन्न पद्धतींनी होते. पहिली पद्धत आकाशासाठी. येथे मृदू संक्रमण हवे असते. म्हणून पृष्ठभाग किंचित ओला करून, सर्व छटा आधीच पुरेशा प्रमाणात कालवून, क्षितिजापासून वर किंवा वरून खाली असे आडवे फटकारे सलगपणे मारतात व थर ओला आहे तोवरच शेजारच्या छटा एकमेकींत मिसळतात. रंग आळू लागल्यावर पुन्हा कुंचला फिरविल्यास अर्धवट वाळलेला पापुद्रा उचकटून डाग पडतात. तसे झाल्यास थर पूर्ण वाळू देऊन त्यावर दुसरा द्यावा, हाच उपाय होय. मोठ्या चित्रात एकाच वेळी सर्व आकाश साधणे शक्य नसते. तेव्हा अनेक पातळ थर एकावर एक देऊन संक्रमण हळूहळू घडवितात.

दुसरी पद्धत पाणी व ओली वाळू यांसाठी. दूरच्या समुद्राचे पट्टे बारीक, आडवे व जवळजवळ ठेवतात. जवळ येताना ते रुंद व विरळ होतात. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यासाठी मात्र आधी वाळू रंगवून ती पूर्ण वाळवितात आणि मग ॲक्रिलिक माध्यमात अगदी थोडा निळा-हिरवा रंग मिसळून त्याची पारदर्शक झिलई वाळूवर देतात. नुसत्या पाण्याने फार पातळ केलेल्या रंगात बंधकाचे प्रमाण घटते व थर दुर्बळ होण्याचा संभव असतो. म्हणून झिलईसाठी माध्यमच वापरतात. निसर्गात वाळूवर पाण्याचा पातळ पापुद्रा पसरतो, तसाच येथे वाळलेल्या रंगावर पारदर्शक रंगाचा पापुद्रा पसरतो. तैलरंगात यासाठी दिवस लागतात. येथे काही मिनिटांनी दुसरी, मग तिसरी झिलई देता येते आणि पाण्याची वाढती खोली थरांच्या संख्येने दाखविता येते. माध्यमाचा शीघ्र वाळण्याचा जो दोष आकाशात जाचतो, तोच येथे गुण ठरतो. ओल्या वाळूतील आकाशाचे प्रतिबिंब उभ्या फटकाऱ्यांनी घेऊन नंतर एक-दोन आडव्या फटकाऱ्यांनी हलके मोडतात. त्याच्या कडा ओल्या असतानाच स्वच्छ कुंचल्याने विरवितात.

तिसरी पद्धत फेस व कोरडी वाळू यांसाठी. जवळजवळ कोरड्या कुंचल्यावर घट्ट रंग घेऊन तो पृष्ठभागावरून हलका ओढला, की रंग फक्त उंचवट्यांवर बसतो व फेसाची तुटक जाळी किंवा वाळूचा खरखरीतपणा उमटतो. लाटेमागे पसरलेल्या फेसाच्या जाळीतील छिद्रे यथादर्शनानुसार जवळ मोठी व गोल, दूर लहान व चपटी होत जातात. फेसाची छाया आधी करड्या-निळ्या रंगाने घालून पांढरा अखेरीस आणि अल्प जागी देतात. पुढच्या वाळूवर दात घासण्याच्या जुन्या ब्रशने बारीक शिंतोडे उडविल्यास कणांचा भास होतो. खेकड्यांनी बिळाभोवती टाकलेल्या वाळूच्या गोळ्या, शिंपले, ओहोटीची वाळकी रेषा, पावलांचे ठसे यांसारखे तपशील चित्राच्या पुढच्या भागात व मोजकेच ठेवतात. काही चित्रकार रंगात प्रत्यक्ष वाळू कालवितात. ती गोड्या पाण्यात अनेकदा धुऊन घ्यावी लागते, कारण उरलेले मीठ हवेतील ओलावा शोषून थरास बाधा आणते.

स्थळावर काम करताना सर्व थर पुरे करण्याचा आग्रह धरत नाहीत. भरतीची रेषा व सावल्या तासाभरातच बदलतात. म्हणून प्रकाशाची दिशा व मुख्य छटा पहिल्या अर्ध्या तासात लहान फलकावर टिपून घेऊन मोठे चित्र घरी पुरे करतात. एकाच लाटेचा पाठलाग न करता अनेक लाटा पाहून त्यांच्यातील समान आकार ध्यानात घेणे इष्ट ठरते. क्षणिक गतीचे चित्रण संथपणेही होऊ शकते, याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे इंग्रज चित्रकार डेव्हिड हॉकनी याचे ‘अ बिगर स्प्लॅश’ (१९६७) हे टेट संग्रहालयातील ॲक्रिलिक चित्र. त्याचा विषय सागरतट नसून कॅलिफोर्नियातील पोहण्याचा तलाव आहे. परंतु क्षणार्धात उसळून विरणाऱ्या पाण्याचा तेवढा एक भाग बारीक कुंचल्यांनी रंगविण्यास त्याला सु. दोन आठवडे लागले. भोवतालचे सपाट, तीव्र कडांचे रंगक्षेत्र आणि मधले विस्कटलेले पाणी यांच्या विरोधातूनच त्या चित्रातील ओलेपणा प्रत्ययास येतो.

सामान्य दोष : नवशिक्यांच्या चित्रांत पाणी सर्वत्र एकाच निळ्या रंगाचे, फेस सर्वत्र सारखाच पांढरा आणि ओली वाळू काळा रंग मिसळून मळकट केलेली आढळते. सर्व कडा सारख्याच तीव्र राहिल्यास समुद्र कापून चिकटविलेल्या कागदासारखा दिसतो. तर ती भीती बाळगून सर्व कडा पुसून टाकल्यास धुके पसरल्यासारखे होते. याहून गंभीर दोष साचेबंदपणाचा होय. थरांवर थर देण्याची सोय असल्याने ठरावीक क्रमाने, समुद्र न पाहताही, समुद्राचे चित्र तयार करता येते : हिरवट निळी पारदर्शक लाट, सोनेरी सूर्यास्त व कललेले नारळाचे झाड. अशा चित्रात उष्ण कटिबंधातील प्रवाळबेटांचे पाणी कोकणच्या काळसर वाळूवर येऊन पडते आणि दोन्ही खोटी ठरतात.

जतन व दक्षता : ॲक्रिलिक थर लवचिक असतो व जवसाच्या तेलाप्रमाणे पिवळा पडत नाही. तथापि नेहमीच्या तापमानात तो काहीसा मऊ राहतो. त्यामुळे त्यावर धूळ बसते, आणि उष्ण हवेत दोन चित्रे समोरासमोर टेकवून ठेवल्यास ती एकमेकांना चिकटू शकतात. थंडीत तो ठिसूळ होतो. म्हणून त्या वेळी कॅनव्हास गुंडाळू नये. टर्पेंटाइन व तत्सम विद्रावकांनी चित्र पुसल्यास रंगास अपाय होण्याची शक्यता असते. दमट किनारी प्रदेशात चित्र भिंतीपासून थोडे अंतर सोडून लावल्यास बुरशीचा धोका कमी होतो. चित्र पूर्ण वाळल्यावर पुन्हा काढून टाकता येईल अशा वार्निशाचा थर देतात, म्हणजे धूळ त्यावरच राहते.

या माध्यमाची आणखी एक बाजू सागरतटाच्या चित्रकाराने विशेषत्वाने ध्यानात घ्यावी अशी आहे. वाळलेला ॲक्रिलिक रंग हा एक प्रकारचे प्लॅस्टिकच होय. कुंचले धुतलेल्या पाण्यात बहुवारिकाचे व रंगद्रव्याचे सूक्ष्म कण असतात. ते पाणी पुळणीवर किंवा समुद्रात ओतल्यास चित्राचा विषयच दूषित होतो. कुंचला धुण्यापूर्वी फडक्याने पुसून घेणे, पाणी घरी परत आणणे व ते निवळू देणे हा सोपा उपाय आहे. गढूळ पाणी तुरटीने निवळते, त्याच तत्त्वावर हे कणही तळाशी बसविता येतात. वरचे पाणी गाळून घेऊन उरलेला साका वाळवून कोरड्या कचऱ्यात टाकतात.

पावसाळी लाटा पुळणीवरील वाळू ओढून नेतात व शांत ऋतूत ती बरीचशी परत येते. खाड्यांच्या मुखाशी वाळूचे दांडे जागा बदलतात, झाडी मागे हटते. एका विशिष्ट दिवशी, विशिष्ट प्रकाशात पाहून रंगविलेला किनारा पुन्हा तसाच सापडत नाही. चित्रकाराने कडा, छटा व प्रतिबिंबे प्रत्यक्ष पाहून ठरविली असतील, तर काही मिनिटांत वाळणारे हे थर त्या दिवसाच्या किनाऱ्याची विश्वसनीय नोंद म्हणून दीर्घकाळ टिकू शकतात.